नदीपल्याड राहिलेलं गाव

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दर वर्षी विद्वान मंडळी बोलतात. आम्ही डिप्लोमावाले उपयंत्री. नकाशा, पातळी आणि माप पुस्तिका एवढीच आमची विद्या. कार्यवाहांनी सांगितलं, "अमेरिकेला जाऊन आलात, त्यावर बोला." आम्ही म्हटलं, न्यूयॉर्कच्या उंच इमारती तुम्ही आमच्यापेक्षा जास्त पाहिल्या असतील, निदान सिनेमात तरी. आम्ही बोलू ते एका गावाबद्दल. गावाची लोकसंख्या एकवीस. आज या मांडवात पहिल्या दोन रांगांत जितकी माणसं बसली आहेत, तितकीसुद्धा नाहीत.

आणखी एक. आमच्या बोलण्यात 'आम्ही' वारंवार येतं, त्यात मोठेपणा नाही. परदेशी गेलो ते दोघं, सौ. आणि आम्ही. खात्यात काम केलं ते नेहमी तिघा-चौघांच्या टोळीने. एकट्याने केलेलं असं हातून फार थोडं झालं आहे.

सौ.चे धाकटे भाऊ सेंट लुईसला असतात. मिसिसिपी नदीच्या काठचं ते मोठं शहर. अमेरिकेच्या नकाशात मधोमध वरच्या बाजूला जो सपाट, काळ्या मातीचा, शेतीचा पट्टा आहे त्याला तिकडे मिडवेस्ट म्हणतात. मेहुण्यांनी विचारलं, "काय पाहायचंय?" आम्ही म्हटलं, "नदी दाखवा." जलसंसाधन खात्यात वीस वर्षांहून जास्त नोकरी झाल्यावर माणूस दुसरं काय मागणार? त्यांनी शहरातल्या घाटावर नेलं, आम्ही पाणी पाहिलं, पण मन भरेना. मग ते म्हणाले, "इथून खाली दक्षिणेला एक गाव आहे. आहे इलिनॉय राज्यात, पण जावं लागतं मिसूरी राज्यातून, कारण नदीनेच गाव ओलांडलं." हे वाक्य ऐकल्यावर आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच बूट घालून तयार होतो.

गावाचं नाव कास्कास्किया.

भूगोल आधी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्या पूर्वेला इलिनॉय, पश्चिमेला मिसूरी. पूर्वेकडून कास्कास्किया नावाची एक छोटी नदी येते आणि काही अंतर मिसिसिपीला समांतर वाहून तिला मिळते. या दोन नद्यांच्या मध्ये जिभेसारखी एक लांबट, सखल जमीन होती. जुनं गाव त्या जिभेवर होतं. पश्चिमेला मोठी नदी, पूर्वेला लहान नदी, आणि लहान नदीपलीकडे लगेच टेकडीची उभी कड. संगमावरचं गाव म्हणा ना. आपल्याकडे अशा जागी महादेवाचं देऊळ असतं. तिथे चर्च होतं.

१७०३ मध्ये फ्रेंच जेझुइट धर्मगुरू आणि इलिनॉय लोकांपैकी कास्कास्किया ही जमात या जागी येऊन राहिली. गावाला नाव मिळालं ते या जमातीचं. मागोमाग कॅनडाकडून फ्रेंच आले, कातड्यांचा व्यापार करणारे. त्यातल्या कित्येकांनी तिथल्याच बायका केल्या आणि संसार थाटले. थोड्याच वर्षांत व्यापारापेक्षा शेती मोठी झाली. गहू इतका पिके की पीठ होड्यांतून नदीच्या प्रवाहाने थेट न्यू ऑर्लिन्सला जाई. एक गोष्ट लपवून चालणार नाही. या शेतांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत, काही मूळनिवासी गुलामही होते, आणि ते बाळगणाऱ्यांत धर्मगुरूसुद्धा होते.

आम्हाला त्या गावात सगळ्यात जास्त रस वाटला तो जमिनीच्या मोजणीचा. फ्रेंचांनी शेतं चौकोनी पाडली नाहीत. नदीकडून टेकडीकडे जाणाऱ्या अरुंद लांब पट्ट्या पाडल्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडी नदीकाठची ओली, थोडी मधली, थोडी टेकडीखालची जमीन आली. सगळ्या पट्ट्यांना मिळून एकच कुंपण, आणि ते प्रत्येकाने आपापल्या वाट्यापुरतं दुरुस्त ठेवायचं. शिवाय गुरांसाठी सामायिक कुरण, आपलं गायरानच. पुढे अमेरिकन सरकार आलं, त्यांनी देशाचा मोठा भाग बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनांत मोजला. पण या नदीकाठाचा नकाशा आजही पाहिला, तर चौकोनांच्या मध्येच त्या जुन्या तिरक्या पट्ट्या दिसतात. राज्यं तीन बदलली, पट्ट्या राहिल्या. पटवाऱ्याने एकदा ओढलेली रेघ पुसणं किती कठीण असतं, ते इथे बसलेल्या महसूल खात्यातल्या मित्रांना सांगायला नको!

या गावाला १७४१ मध्ये फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाने चर्चसाठी एक घंटा पाठवली. फ्रान्समध्ये ला रोशेल इथे ओतलेली, साडेसहाशे पौंडांची, म्हणजे जवळजवळ तीनशे किलोची. समुद्र ओलांडून न्यू ऑर्लिन्स, आणि तिथून होडीत घालून प्रवाहाच्या उलट शेकडो मैल वर. आगबोटी तेव्हा कुठे होत्या? दोरांनी ओढत, वल्ही मारत. आपल्या सातारा-वाईकडच्या मंडळींना मेणवलीच्या घाटावरची घंटा ठाऊक असेल. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चची घंटा आली ती देवळात टांगली गेली. म्हणजे जगात त्या दोन-तीन वर्षांत एक घंटा चर्चमधून देवळाकडे निघाली होती आणि दुसरी राजाकडून रानातल्या चर्चकडे. हा केवळ योगायोग. पण तिथे उभं राहून आम्हाला तो आठवला, म्हणून सांगितला.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. १७६३ च्या तहात नदीच्या पूर्वेचा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुष्कळ फ्रेंच कुटुंबांनी बाडबिस्तरा उचलून नदीपलीकडे पश्चिमेचा काठ गाठला. मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर इंग्रजांचा अंमल. मग अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, आणि ४ जुलै १७७८ च्या रात्री व्हर्जिनियाकडचा जॉर्ज रॉजर्स क्लार्क नावाचा पंचविशीतला अधिकारी पावणेदोनशे माणसं घेऊन गावात शिरला. एकही गोळी न झाडता गाव हातात आलं. इंग्रजांच्या वतीने तिथे बसलेला अधिकारीही मुळात फ्रेंचच होता, तो अंथरुणातच सापडला म्हणतात. गावकऱ्यांनी राजाने पाठवलेली तीच घंटा वाजवली. तेव्हापासून तिला 'पश्चिमेची लिबर्टी बेल' म्हणतात. फिलाडेल्फियाची प्रसिद्ध लिबर्टी बेल हिच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान.

आणि आता आपल्या इंदूरकरांनी कान द्यावा असं साल. १८१८. जानेवारीत मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली, आणि अहिल्याबाईंचं महेश्वर नर्मदेच्या काठावर मागे राहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात इलिनॉय हे अमेरिकेचं नवं राज्य झालं आणि त्याची पहिली राजधानी झाली कास्कास्किया. विधानसभेला स्वतःची इमारत नव्हती. एक दुमजली घर रोजी चार डॉलर भाड्याने घेतलं होतं. दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, राजधानी आत वॅन्डेलिया इथे हलवली, पुढे तीही हलून स्प्रिंगफील्डला गेली. एका नदीकाठच्या गावाने राजधानी गमावली, एकाला मिळाली आणि तीही गेली. पण महेश्वराचा घाट आजही आहे, आपण तिथे पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडू शकतो. कास्कास्कियाची ती पहिली विधानसभा जिथे भरली, तिथे आज मिसिसिपीचं पात्र आहे.

हे कसं झालं ते आमच्या खात्याचं प्रकरण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगू द्या.

सपाट मातीतली मोठी नदी कधी सरळ वाहत नाही. ती वळणं घेते. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोरात आदळतं, माती खातं, आतल्या काठाला गाळ टाकतं. वळण वाढत जातं आणि दोन वळणांमधली मान बारीक होत जाते. एखाद्या पुरात ती मान तुटते आणि नदी जवळची वाट धरते. हे निसर्गाचं. पण अभ्यासक सांगतात की इथे माणसानेही हातभार लावला. एकोणिसाव्या शतकात मिसिसिपीवर आगबोटी सुरू झाल्या. बोटी लाकडावर चालत. काठावरची झाडं सरपणासाठी मैलोन्‌मैल तुटली. मुळं गेली, काठ सैल झाले, नदी रुंद आणि उथळ झाली, काठ ढासळू लागले. १८४४ ला प्रचंड पूर आला आणि गावाचा बराचसा भाग गेला. त्यानंतर काही वर्षांत जिल्ह्याची कचेरीही खाली चेस्टर गावाला गेली. कचेरी गेली की वकील जातात, वकील गेले की खाणावळ जाते. हा क्रम सगळीकडे सारखाच!

तरी लोक राहिले. मग १८८१ च्या एप्रिलात, बर्फ वितळून आलेल्या पुरात, मिसिसिपीने गावाच्या उत्तरेची ती बारीक मान फोडली आणि शेजारच्या कास्कास्किया नदीच्या पात्रात शिरली. कल्पना करा, कान्ह नदीच्या पात्रात एके दिवशी नर्मदा आली तर? लहान नदीच्या कुशीत मोठी नदी मावेना. ती दोन्ही काठ खात सुटली. पुढच्या वीसेक वर्षांत जुनं गाव, दगडी घरं, रस्ते, ती दुमजली इमारत, एकेक करून पाण्यात उतरलं. गावाच्या पश्चिमेला असलेली नदी आता पूर्वेला वाहू लागली. पश्चिमेचं जुनं पात्र ओढ्याएवढं उरलं. इलिनॉयचा एक तुकडा मिसूरीच्या बाजूला जाऊन पडला.

गावात एक दंतकथा सांगतात. एका धनाढ्य फ्रेंच व्यापाऱ्याच्या मुलीचं एका मूळनिवासी तरुणावर प्रेम होतं, बापाने त्याला ओंडक्याला बांधून नदीत सोडून दिलं, आणि त्याने बुडता बुडता शाप दिला की हे गाव नदी खाईल, इथल्या मेलेल्यांनाही जमीन मिळणार नाही. आम्ही खात्यातली माणसं. आम्हाला शापाचा ओंडका दिसत नाही, सरपणाचे ओंडके दिसतात. पण त्या तरुणाच्या लोकांचं पुढे काय झालं ते मात्र कथा नाही. १८०३ च्या तहात कास्कास्किया जमातीने आपली बहुतेक जमीन अमेरिकेला लिहून दिली, पुढे त्यांना कॅन्ससकडे आणि मग ओक्लाहोमाकडे जावं लागलं. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमात पिओरिया जमातीत मोजले जातात. ज्यांच्या नावाचं गाव, त्यांना नदीने नाही, कागदाने हलवलं.

आम्ही गेलो तो दिवस जूनचा, ऊन कडक. सेंट लुईसहून दक्षिणेला निघून वाटेत सेंट जेनेविव्ह लागलं. हे पश्चिम काठावरचं फ्रेंच गाव १७८५ च्या पुरानंतर शहाणं होऊन हळूहळू उंचावर सरकलं, म्हणून त्याची जुनी लाकडी घरं अजून उभी आहेत. मग सेंट मेरी, तिथून एक छोटा पूल. पुलाखाली पाणी हिरवं आणि गुडघाभर. मेहुणे म्हणाले, "ही जुनी मिसिसिपी." सौ.ने खिडकीतून हात जोडले. सवयच ती. नदी दिसली की हात जोडायचे, मग ती मेलेली का असेना.

पूल ओलांडला आणि 'इलिनॉय' अशी पाटी. पुढे दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. आम्हाला तर देवास रोडला आल्यासारखं वाटलं. ते फार चुकीचंही नव्हतं. आपल्या मध्य प्रदेशात पिवळं सोयाबीन रुजवण्याचं काम साठच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने केलं, त्यात मदत होती इलिनॉय विद्यापीठाची. आज मालव्याचा शेतकरी ज्या दाण्यावर पोरीचं लग्न ठरवतो, तो दाणा त्या मुलखाच्या ओळखीने आपल्याकडे आला. आम्ही शेतात उतरून शेंगा चाचपून पाहिल्या. फुलोरा यायचा होता, शेंगा कसल्या! सौ. हसली.

गाव म्हणजे काय, तर लाल विटांचं एक चर्च, त्याच्या शेजारी विटांचीच एक लहानशी इमारत, काही घरं, सभोवार शेतं आणि दूरवर मातीचा बांध. चर्चही मूळचं इथलं नाही. जुनं गाव खचू लागलं तेव्हा १८९० नंतरच्या त्या वर्षांत लोकांनी विटा उतरवल्या, वाहून आणल्या आणि दक्षिणेला या नव्या जागी पुन्हा रचल्या. शेजारच्या लहान इमारतीत राजाची घंटा आहे. आम्ही ती बाहेरूनच पाहिली. वाजत नाही. पण समोर उभं राहिलं की घसा आपोआप खाकरला जातो.

इलिनॉयच्या कायद्याने याला 'व्हिलेज' असा दर्जा आहे, म्हणजे आपल्या नगर परिषदेची धाकटी बहीण. टपाल येतं ते सेंट मेरीहून, म्हणजे मिसूरीतून. जिल्ह्याच्या कचेरीत काम निघालं तर आपलं राज्य सोडायचं, परराज्यातून फेरा घालायचा, चेस्टरचा पूल ओलांडून पुन्हा आपल्या राज्यात शिरायचं. कारण नदी हलली तरी सीमा जुन्या पात्रातच राहिली. नदी हळूहळू सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकते, पण नदीने एकदम उडी मारली तर सीमा जागची हलत नाही, असा तिकडे कायदा आहे. सीमा म्हटलं की मराठी माणूस कान टवकारतो. आमचे एक साडू बेळगावचे आहेत. त्यांना हा कायदा सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आमच्याकडे नदी हलली नव्हती, तरी सीमा हलली." आम्ही विषय बदलला.

१९९३ चा पूर मात्र या नव्या गावाला भोवला. त्या उन्हाळ्यात मिसिसिपी महिनोन्‌महिने फुगलेली होती. जुलैत बांध फुटला आणि बेटावर पाणी भरलं, गावात सुमारे नऊ फूट. चर्चमध्ये पाणी, शाळेत पाणी, मका बुडाला. १९९० च्या जनगणनेत बत्तीस माणसं होती. २००० ला नऊ. आकडा चुकून सांगत नाही, नऊ! मग २०१० ला चौदा आणि २०२० ला एकवीस. त्याच पुरात वर उत्तरेला व्हॅलमेयर नावाचं गाव बुडालं, तिथल्या लोकांनी ठरवून सगळं गाव टेकडीवर नेऊन नव्याने बसवलं. ते शहाणपण. मग कास्कास्कियाची ही एकवीस माणसं अडाणी का? आम्हाला तसं म्हणवत नाही. जमीन सोन्यासारखी आहे, बांध पुन्हा बांधला आहे, आणि बांधावर आम्ही चालून पाहिलं, चढण, उतार, माती दाबणं, सगळं नीट आहे. कामात खोट काढायची आमची जुनी खोड, पण तिथे काढता आली नाही.

परतताना आम्ही तो लांबचा फेरा घातलाच. चेस्टरच्या पुलापाशी पॉपाय नाविकाचा पुतळा आहे, पालक खाऊन दंड फुगवणारा तोच. त्याला जन्म देणारे चित्रकार सेगर या चेस्टरचे. मुलांसाठी फोटो काढला आणि वर टेकडीवर गेलो. तिथे जुन्या किल्ल्याची मातीची तटबंदी आहे, खाली झाडीत पिएर मेनार यांचं लांब ओटीचं घर. हे मेनार म्हणजे राज्याचे पहिले उपगव्हर्नर. आणि किल्ल्याशेजारी, गवतात, एक दफनभूमी.

या जागेसाठी हे सगळं भाषण आहे, असं म्हटलं तरी चालेल.

नदी जेव्हा जुनं गाव खाऊ लागली, तेव्हा काठावरच्या कबरी उघड्या पडू लागल्या. शंभर-दीडशे वर्षांचे पूर्वज पाण्यात पडणार. तेव्हा राज्याने पैसा मंजूर केला, आणि १८९० नंतरच्या त्याच वर्षांत सुमारे ३,८०० मृतांचे अवशेष खणून, होडीने नदी ओलांडून, या टेकडीवर आणून पुन्हा पुरले. बहुतेकांची नावं कुणालाच माहीत नव्हती. म्हणून सगळ्यांचा मिळून एक स्मृतिस्तंभ. तिथून खाली पाहिलं की मिसिसिपी दिसते, रुंद, मातकट, शांत. आणि मेहुण्यांनी बोट दाखवून सांगितलं, "गाव तिथे होतं."

सौ. स्तंभाला प्रदक्षिणा घालत होती. आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो आणि आम्हाला एकदम निमाडातलं एक गाव आठवलं.

गावाचं नाव सांगत नाही. नर्मदेवरच्या मोठ्या धरणाच्या डूब क्षेत्रातलं. हरसूद सगळ्यांना माहीत आहे, ३० जून २००४ ची तारीखही माहीत आहे. हे गाव हरसूदच्या मानाने फारच लहान, म्हणून कुठे छापून आलं नाही. आम्ही तेव्हा नोकरीत नवे. चौघांची टोळी, फीत, खुंट्या आणि फॉर्मांचा गठ्ठा. घर पक्कं की कच्चं, छप्पर कवेलूचं की पत्र्याचं, विहीर किती हात, आंबा किती, चिंच किती. प्रत्येक गोष्टीला मुआवजा, म्हणून प्रत्येक गोष्टीला रकाना. काम आम्ही प्रामाणिकपणे केलं. एका म्हातारीचं लिंबाचं झाड शेजाऱ्याच्या नावावर गेलं होतं, ते दुपारच्या उन्हात परत जाऊन दुरुस्त केलं. हे अभिमानाने सांगतो, कारण पुढचं सांगायला लाज वाटते.

त्या गावात नाथपंथी जोग्यांची पाच-सहा घरं होती. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. नदीच्या वाटेवर, बेलाखाली, अकरा समाध्या होत्या. काही नुसत्या मातीच्या, काहींवर दगड. शेवटच्या दिवशी घरचा वडीलधारा आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "साहब, हमारे बाबा लोगों का क्या लिखा?"

काही लिहिलं नव्हतं. रकाना नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग शेवटच्या 'शेरा' या जागेत लिहिलं, "मार्गावर ११ समाध्या, स्थलांतराबाबत मार्गदर्शन व्हावं." त्याला वाचून दाखवलं. तो समाधानाने गेला. आमच्याकडे त्याने ताक पाठवलं.

वरून मार्गदर्शन आलं नाही. आम्हीही पुन्हा विचारलं नाही, हे खरं. तेव्हा दुसऱ्या गावाचं काम लागलं होतं, पावसाळा जवळ आला होता, आणि नव्या माणसाने वरच्यांना दोनदा विचारायचं नसतं असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. पाणी चढलं. जोगी नव्या वसाहतीत गेले. अकरा जण तिथेच राहिले.

मिसिसिपीच्या काठावर ३,८०० माणसांसाठी होड्या लागल्या. आमच्या अकरांसाठी एक ट्रॅक्टर पुरला असता. खात्यात बोलताना आम्ही नेहमी म्हणतो की अमेरिकेकडे पैसा आहे. पण १८९० च्या दशकात आजच्यासारखी यंत्रं नव्हती. कुदळी, फावडी, होड्या. आणि कुणीतरी दुसऱ्यांदा विचारलं असणार.

सौ.ला हे आम्ही तिथे, त्या टेकडीवर, पहिल्यांदा सांगितलं. एकोणीस वर्षांच्या संसारात सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मग आता काय करणार?" आम्ही म्हटलं, आता काय करणार, पाणी आहे वर. ती म्हणाली, "उन्हाळ्यात उतरत असेल ना?"

उतरतं. हे आम्हाला, पातळ्यांची नोंद ठेवणाऱ्याला, सौ.ने सांगावं लागलं.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. नव्या वसाहतीत चौकशी केली. तो म्हातारा आता नाही, त्याला वसाहतीच्या कडेला समाधी दिली आहे. मुलगा आहे, टायर पंक्चरचं दुकान चालवतो. त्याने आम्हाला ओळखलं नाही. सांगितल्यावर थोडा वेळ बघत राहिला, मग दुकान शेजाऱ्याकडे सोपवून मोटारसायकलवर पुढे झाला.

पाणी पुष्कळ मागे गेलं होतं. चिखल वाळून तडकला होता. घरांचे जोते दिसत होते, एका विहिरीचा कठडा दिसत होता. आमच्या फॉर्मात ती विहीर चौदा हात होती, आता काठोकाठ गाळ. बेलाचा बुंधा वठून काळा पडला होता. त्याच्याभोवती शोधल्यावर तीन दगड सापडले. बाकीचे आठ गाळाखाली असतील. मुलाने खिशातून अगरबत्तीचा पुडा काढला. वारा फार होता, लागेना. सौ.ने पदराचा आडोसा केला.

आम्ही पिशवीतून फीत काढली. हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काही येत नाही आम्हाला. विहिरीच्या कठड्यापासून बुंध्यापर्यंत, बुंध्यापासून तीनही दगडांपर्यंत अंतरं घेतली, दिशा घेतल्या. मुलगा फितीचं दुसरं टोक धरून उभा होता. त्याने विचारलं, हे कुठे जमा करणार? आम्ही म्हटलं, कुठेच नाही, दोन प्रती करू, एक तुझ्याकडे, एक आमच्याकडे.

तशा केल्या आहेत. बाकीचे आठ कुठे होते ते त्याला अंदाजे आठवतं, लहानपणी तिथे खेळत असे. पुढच्या उन्हाळ्यात पाणी याहून खाली गेलं, तर त्याच्याबरोबर जाऊन गाळ उपसून पाहायचं ठरलं आहे. त्याला दोन माणसं लागतील, आणि फावडी. मंडळातल्या तरुणांपैकी कुणाला यायचं असेल तर भाषणानंतर आम्ही इथेच, पाण्याच्या टाकीपाशी उभे आहोत.